फाटक्या पानाच्या पुढे

मे महिना लागला आणि आबांनी खुंटीवरचं घड्याळ काढून मनगटाला बांधलं, तेव्हाच चंद्राबाईनं ओळखलं की घरात वाचनाचा तास पुन्हा सुरू होणार.

घड्याळ वर्षभर तिथंच लटकत होतं. गेल्या मे महिन्यात सगळे मिरजेहून मोकळ्या हातांनी परत आले, त्या दिवशी तिच्या सासऱ्यांनी, यल्लाप्पा आबांनी, ते उतरवून ठेवलं होतं. त्याला नंतर कुणी हात लावला नव्हता. आबा पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले. ज्या वर्षी म्हसवडच्या त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच वर्षी त्यांनी घरात एक शिरस्ता घातला. शाळेला सुट्टी असली तरी वाचनाला सुट्टी नाही. दुपारची जेवणं झाली की घरातल्या शाळकरी पोरांनी सोप्यात चटईवर बसायचं आणि घड्याळ लावून तासभर मोठ्यानं वाचायचं. दोन महिने पुस्तक मिटलेलं राहिलं तर जूनमध्ये पोरं पुन्हा ओळीखाली बोट धरायला लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचे दोन्ही मुलगे ह्याच चटईवर वाचून मोठे झाले. थोरला नाथाजी, चंद्राबाईचा नवरा, बापामागं फौजेत गेला आणि सध्या फिरोजपूरला होता. धाकटा आकाराम सांगलीला हळदीच्या वखारीत लागला. त्यांच्यानंतर चटईवर बसायची ती शेवंता, नाथाजी आणि चंद्राबाईची एकुलती एक.

शेवंता दहाव्या वर्षी गेली. चौथी पास झाली होती. जूनमध्ये साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात राहायला जायची होती.

यंदा त्या चटईवर बसायला सांगलीहून आकारामची नंदा आली. तीही चौथी पास, पण मास्तरांनी वर ढकललेली. जोडाक्षर दिसलं की पोरगी डोळे मिटून घ्यायची. आबांनी आकारामला पत्र घातलं होतं की साताऱ्याला पोरीची जागा होईल, पण तिथल्या बाई प्रत्येक मुलीकडून नवा मजकूर मोठ्यानं वाचून घेतात, तेव्हा सुट्टी लागली की पोरीला इकडं पाठव. पोर बुजरी म्हणून तिची आई बनुबाईही सोबत आली. आकारामचं बिऱ्हाड वर्षानुवर्षं सांगलीलाच होतं. दिवाळीला दोन दिवस गावी आले तर आले. एरवी ह्या दोघी चुलत बहिणींची फारशी गाठच पडली नव्हती, आणि शेवंताला वाचताना तर नंदानं एकदाही ऐकलं नव्हतं.

नंदानं आपलं चौथीचं पुस्तक सांगलीत शेजारच्या पोराला देऊन टाकलं होतं. आबा म्हणाले, बाजारात बघतो. पण चंद्राबाई उठली, आतल्या पत्र्याच्या पेटीतून शेवंताचं पुस्तक काढलं आणि पदरानं पुसून नंदाच्या पुढ्यात ठेवलं. पुठ्ठ्याला अजून खाकी कागद होता. सासूनं, अंबूबाईनं, तिच्याकडं पाहिलं. पुस्तक पुढं करताना आपल्या मनात काय होतं, हे चंद्राबाईला तेव्हाही सांगता आलं नसतं. वर्षभर ती पेटी उघडायची आणि त्या पुस्तकावर नुसता हात फिरवून मिटायची. तिला वाचता येत नव्हतं. त्या पुस्तकात काय आहे ते तिला शेवंताच्या तोंडूनच ठाऊक होतं.

पहिले पाच दिवस काही वेगळं झालं नाही. चंद्राबाई आत चिंचा फोडत बसायची आणि सोप्यातून नंदाचं रखडत चाललेलं वाचन ऐकायची. नंदा 'नावाड्याने' हा शब्द चार तुकड्यांत वाचायची, पाचव्यांदा सुरुवात करायची. आबा न चिडता म्हणायचे, पुन्हा. तास संपला की पोर धडपडत अंगणात पळायची. चंद्राबाईला मनातून हायसं वाटलं होतं आणि त्याच्या तळाशी थोडी निराशाही होती.

सहाव्या दिवशी तिच्या हातातला बत्ता थांबला.

आत ऐकू येणारं वाचन सरळ चाललं होतं. अडत नव्हतं. आणि 'सकाळी', 'समोर', 'सोसाट्याचा' असा स आला की त्यातून बारीक शीळ निघत होती. दुष्काळात शेवंता आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची. तिथं ढिगावरून घसरून तिचा पुढचा दात अर्धा तुटला होता, तेव्हापासून तिच्या स मधून वारा सुटायचा. त्यावरून पोरं तिला चिडवायची. नंदाचे दात सगळे शाबूत होते.

चंद्राबाई उठून दाराशी आली. नंदा मांडी घालून बसली होती. डोळे पानावर होते. आबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हातानं त्यांनी डाव्या मनगटावरचं घड्याळ झाकलं होतं. उंबऱ्यापाशी तांदूळ निवडणाऱ्या अंबूबाईचा हात सुपात तसाच राहिला होता. फक्त बनुबाई खूश दिसत होती. पोरगी सुधारली म्हणून ती हसून सगळ्यांकडं पाहत होती. तिला बाकीचं ठाऊक नव्हतं.

धडा होता एका म्हाताऱ्या नावाड्याचा. संध्याकाळी एक मुलगी काठावर येते आणि पलीकडे सोड म्हणते. 'नावाड्याने वल्हे उचलले आणि पैलतीराकडे पाहिले. तिथे' एवढ्यावर पान फाटलं होतं. पुढचं पान शेळीनं खाल्लं होतं. शेवंता मात्र तिथं कधी थांबली नव्हती. ती आपल्या मनचा शेवट लावून द्यायची आणि सगळं घर हसायचं.

नंदाही थांबली नाही.

"तिथे त्याची बायको भाकरी घेऊन उभी होती," तिनं वाचलं, "आणि ती म्हणाली, किती उशीर केलात."

यावेळी कुणी हसलं नाही. बनुबाईनं वाकून पुस्तकात पाहिलं, मग बोटानं पानाची फाटकी कड चाचपली. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. तिनं विचारलं की हे कुठं लिहिलंय गं. नंदा म्हणाली, इथंच. आबांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तासही झाला नव्हता. पण ते म्हणाले की आजचा तास झाला, आणि उठून बाहेर निघून गेले.

त्या संध्याकाळी चंद्राबाईनं त्यांना एकट्याला गाठून विचारलं, तो शेवट तुम्ही पोरीला सांगितला होता काय. आबांनी मान हलवली. अंबूबाईनंही सांगितला नव्हता. मग तिघांनीही तो विषय टाकला. कुणीतरी कधीतरी बोललं असेल आणि पोरीच्या कानावर पडलं असेल, असं प्रत्येकानं दुसऱ्याला पटवलं.

दुसऱ्या दिवसापासून चंद्राबाई चिंचा घेऊन सोप्यातच बसू लागली. तिसऱ्या दिवशी चिंचाही आणल्या नाहीत. जेवणं उरकायची तिला घाई व्हायची. नंदाला ती आधीच बोलावून घ्यायची, तिचे केस विंचरायची आणि दोन वेण्या उंच बांधायची, शेवंताच्या बांधायची तशा. एक दिवस तिनं पेटीतला चौकड्यांचा परकर काढला आणि नंदाला नेसवला. तो तिला बरोबर आला. नंदानं नको म्हटलं नाही. ती आता कशालाच नको म्हणत नसे. अंगणात पळायची ती थांबली होती. बनुबाईनं हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला वळून बघायची, आणि तेही आपल्याला बोलावताहेत काय याची खात्री नसल्यासारखी. सांगलीच्या मैत्रिणींची नावं बनुबाईनं विचारली तेव्हा तिला एकच सांगता आलं.

बनुबाईनं एकदा चंद्राबाईला विहिरीवर गाठलं. म्हणाली की आक्का, पोर पाणी पीत न्हाई. उन्हाळ्याचे दिवस, ओठ फुटलेत, पण तांब्या दिला की बाजूला ठेवती. म्हणती, मला द्यायचं न्हाई. कुणी न्हाई म्हणलंय तिला?

चंद्राबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या मनात त्या दिवशीचा धडा घोळत होता. नंदा फाटक्या पानापुढं रोज थोडं जास्त वाचायला लागली होती. नावाड्याची बायको, तिची शेळी, शेळीचं नाव. शेळीचं नाव त्यांच्याच शेळीचं होतं. ती शेळी गेल्या पावसाळ्यात विकली होती.

अंबूबाईला राहवेना. तिनं सुनांना जवळ घेऊन हळूच सांगितलं की गावदेव नाथाच्या देवळाकडं एक जाणता माणूस बसतो, त्याला पोर नुसती दाखवून आणू, ह्यांना कळायला नको. बनुबाई तयार झाली. चंद्राबाई म्हणाली, न्हाई. ती सरळ आबांकडं गेली आणि सासूचा बेत त्यांच्या कानावर घातला. आबा बायकोला म्हणाले की ह्या घरानं बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, ह्या उंबऱ्यातनं पोर तसल्या ठिकाणी जाणार न्हाई. इतक्या वर्षांत सासू-सून एकमेकींच्या विरोधात कधी गेल्या नव्हत्या. अंबूबाईनं थोरल्या सुनेकडं पाहिलं ते पहिल्यांदाच परक्या बाईकडं पाहावं तसं. आबांना वाटलं, सुनेनं प्रतिज्ञेची चाड राखली. चंद्राबाईला प्रतिज्ञेचं काही नव्हतं. तिला फक्त उद्याचा तास हवा होता.

पंधराव्या दिवशी जेवणं झाली आणि बनुबाई गाठोडं बांधून सोप्यात आली. नंदाच्या अंगात सांगलीहून आणलेला फ्रॉक होता, वेण्या सोडवलेल्या होत्या. साडेतीनच्या आटपाडीच्या गाडीनं आम्ही निघतो, ती म्हणाली. आवाज घट्ट होता. पोरगी अडाणी राहिली तरी चालेल, वखारीत हळद निवडील, पण आपली पोर आपल्याला आपली पाहिजे.

आबा म्हणाले की अजून पंधरा दिवस आहेत, पोरगी आता खडाखडा वाचते, साताऱ्याची जागा हातची जाईल.

"आबा, ती वाचतीया व्हय?" बनुबाई म्हणाली. "त्या पानावर काय बी न्हाई. मी बघितलंय. ती वाचत न्हाई, तिच्यातनं कोन तरी वाचतंय, आनि तुमी सगळी बसून ऐकताय."

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. मग अंबूबाई बोलली. ती बनुबाईच्या बाजूनं उभी राहिली होती.

"ह्यास्नी तास हवा असतोय," ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली. "त्या दिवशी शेवंता पोट धरून बसली हुती. आबा, दुखतंय म्हनाली. ह्यांनी घड्याळ दावलं. तास पुरा कर म्हनाले."

चंद्राबाई त्या दिवशी मळ्यात मजुरीला गेली होती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं सासऱ्याकडं पाहिलं. आबांनी मान खाली घातली नाही. ते ताठ बसून राहिले, पलटणीत साहेबासमोर उभं राहावं तसे.

"व्हय," ते म्हणाले. "म्हनालो. वाटलं, टाळतीया. वीस मिनिटं ऱ्हायली हुती. तिनं वाचली." मग ते म्हणाले, "ह्या पोरीच्या तोंडनं ती वाचाया लागली, तवा मला वाटलं, वीस मिनिटं आता तरी माफ करावी तिला. पर ती थांबतच न्हाई."

चंद्राबाईला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिला एवढंच कळलं की ह्या घरात ती एकटीच ऐकायला बसत नव्हती. आबांना शेवंताला सोडायचं होतं आणि चंद्राबाईला तिला धरून ठेवायचं होतं, आणि दोघांनी ह्या दुसऱ्या पोरीला मधे बसवलं होतं. हे कळूनही ती उठली आणि दारात आडवी उभी राहिली. बनुबाईला म्हणाली की एकदा, शेवटचं एकदा वाचू दे, मग मी तुला स्वतः गाडीवर पोचवते. बनुबाई नको म्हणायच्या आत नंदा चटईवर जाऊन बसली होती. तिनं पुस्तक उघडलं नव्हतं. ते मिटलेलंच मांडीवर होतं.

"नावाड्याने वल्हे उचलले," ती म्हणाली, "आणि पैलतीराकडे पाहिले. तिथे कोणीच नव्हते. म्हणून त्याने नाव मधेच थांबवली. आता ती इकडे येत नाही आणि तिकडेही जात नाही."

हा शेवट घरातल्या बाकी कुणी ऐकलेला नव्हता. आबांनी नाही, अंबूबाईनं नाही. तो चंद्राबाईनं ऐकला होता. मिरजेच्या दवाखान्यात, शेवंताच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, लोखंडी खाटेच्या कडेला बसून. आतडं फुटलेलं होतं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं की दोन दिवस पोटात पाण्याचा थेंब जाता कामा नये, गेला तर जिवावर बेतेल. नुसते ओठ ओले करा. चंद्राबाईनं ते शब्दाला शब्द पाळलं. पोर पाणी मागत होती आणि ती कापसाच्या बोळ्यानं ओठ टिपत होती. मधेच पोरीनं धडा म्हणायला घेतला होता आणि हा शेवट सांगितला होता. मग पुन्हा पाणी मागितलं होतं. पहाटे मागायची थांबली. चंद्राबाईनं केलं ते बरोबरच केलं, असं सगळे म्हणाले. ते तिला गेलं वर्षभर समजत होतं. पण रोज पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की ती तो अर्धाच खाली ठेवायची.

नंदानं मान वर केली. तिचे ओठ भेगाळले होते, एका भेगेत रक्त सुकलं होतं. ती आपल्या आईला आई म्हणायची. सांगलीतली सगळीच पोरं म्हणतात तशी. 'बया' म्हणायची ती शेवंता. आता ती चंद्राबाईकडं बघत होती.

"बया," ती म्हणाली, "पानी."

बनुबाईच्या तोंडून एक आवाज निघाला आणि ती पुढं झाली. अंबूबाईनं तिचा दंड धरला.

चंद्राबाईला वाटलं होतं, ही वेळ आली तर आपण किती बोलू. माफ कर म्हणू, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणू, राहा म्हणू, इथंच ह्या पोरीच्या अंगात राहा, मी हिला जपते. हे शेवटचं तर तिच्या जिभेवर आलेलंसुद्धा होतं. पण तिची नजर त्या भेगेवर गेली आणि मग फ्रॉकवर. फ्रॉक सांगलीच्या बाजारातला होता, कडेला बनुबाईनं हातानं टीप घालून लांब केलेला. वाढत्या अंगाची पोर आहे, म्हणून.

ती आत गेली. रांजणातनं तांब्या भरला, काठोकाठ. चटईवर येऊन बसली आणि नंदाचं डोकं आपल्या हातावर घेतलं.

"पी," ती म्हणाली. "आता कुनी न्हाई म्हनत न्हाई. पोटभर पी, आनि जा."

पोर प्यायली. अशी प्यायली की घोटाचा आवाज सोप्यात सगळ्यांना ऐकू येत होता. तांब्या संपला. चंद्राबाईनं दुसरा आणायला सांगितला, तो अंबूबाईनं आणला. दुसराही संपला. दहा वर्षांच्या पोरीच्या पोटात एवढं पाणी मावेल कसं असं बनुबाईला वाटलं. तिसरा तांब्या अर्धा झाल्यावर पोरीनं तोंड बाजूला केलं आणि तिथंच, चंद्राबाईच्या हातावर, तिला झोप लागली. सोप्यात जरा गारवा आला होता. ओल्या मातीचा वास आल्यासारखा वाटला. बाहेर ऊन तसंच होतं. आबांनी घड्याळ पाहिलं आणि मग ते मनगटावरून सोडून बाजूला ठेवलं.

साडेतीनची गाडी गेली. नंदा पाचाच्या सुमाराला जागी झाली. आधी इकडंतिकडं बघितलं आणि मग आई कुठाय म्हणून रडायला लागली. बनुबाई तिला उचलून अंगणात घेऊन गेली. चंद्राबाईचा हात अवघडला होता. तो तिनं तसाच मांडीवर धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी नंदापुढं कागदाचं एक चिटोरं धरलं, तर ती पुन्हा 'व-खा-री-ती-ल' असं वाचू लागली. जोडाक्षराला डोळे मिटले. आबा म्हणाले, राहू दे. आपण हरलो. साताऱ्याला मी लिहून कळवतो. आता ह्या घरात तास होणार नाही.

बनुबाईला हायसं वाटलं, अंबूबाईलाही. नको म्हणाली ती चंद्राबाई. तिला स्वतःलाच ऐकून नवल वाटलं. ती म्हणाली की तास बंद करायचा नाही, फक्त सोप्यात नको आणि ते पुस्तक नको. पुस्तक तिनं आबांच्या हातात दिलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर आबांची कागदपत्रं असायची, तिथं ते त्यांनी ठेवलं. बनुबाईनं नंदाला जवळ ओढलं. मग म्हणाली, पोर माझ्या डोळ्यांसमोर राहील तरच. चंद्राबाई म्हणाली, तू बी चल.

मग रोज सकाळी ऊन चढायच्या आत त्या तिघी एस.टी. स्टँडवर जाऊ लागल्या. चंद्राबाई गाडीच्या पाटीकडं बोट करायची आणि विचारायची की ही कुठं जाती. नंदा वाचायची. दहिवडी. वडूज. पंढरपूर आलं की 'पं' वर अडायची. चुकीचं वाचलं तर चंद्राबाईला कळायचं नाही, म्हणून ती कंडक्टरला विचारून खात्री करायची, आणि नंदाला त्याची लाज वाटायची, म्हणून ती नीट वाचायला लागली. पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, सोसायटीच्या दारावरची नोटीस, काडेपेटी, चहाचा पुडा. पोरीला एकदा कळलं की मोठ्याईला, आपल्या थोरल्या चुलतीला, खरंच वाचता येत नाही आणि आपण सांगू तेच तिला समजणार, तेव्हापासून तिनं जोडाक्षराला डोळे मिटणं सोडलं. ती अक्षराला भिडायला लागली. हळू वाचायची, घाम फुटायचा, पण वाचायची. तिच्या स मधून शीळ येत नव्हती. चंद्राबाई प्रत्येक स ऐकायची. रोज ऐकायची आणि मग पुढच्या पाटीकडं बोट करायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या तिघी साताऱ्याला गेल्या. वसतिगृहाच्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या होत्या. त्यांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा नंदाच्या हातात दिला. नंदानं वाचला. दोनदा अडली, एक शब्द साफ चुकवला, पुन्हा मागं जाऊन दुरुस्त केला. बाईंनी नाव लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं की सुट्टीत मुली सगळं विसरून येतात, तुझं वाचन कुणी घेतलं?

"मोठ्याईनं," नंदा म्हणाली.

बाईंनी चंद्राबाईकडं पाहिलं आणि किती शिकलात असं विचारलं. चंद्राबाईनं सांगितलं की मला अक्षर येत नाही. बाईंना ते विनयाचं बोलणं वाटलं असावं, त्या हसल्या. बनुबाई मधे बोलली, खरंच येत न्हाई त्यास्नी, आणि जावेचा हात धरला. महिनाभरात तिनं तो पहिल्यांदाच धरला होता.

नंदाला आत सोडून दोघी बाहेर आल्या. गाडीला अवकाश होता. बनुबाई रस्त्यापलीकडं रसाच्या गुऱ्हाळापाशी सावलीत जाऊन बसली. चंद्राबाई वसतिगृहाच्या कंपाउंडाला टेकून उभी राहिली. आतल्या खोलीत मुलींचं वाचन सुरू झालं. तीसचाळीस मुली असाव्यात. सगळ्या मिळून एकच मजकूर वाचत होत्या, कुणी पुढं, कुणी मागं, कुणी मोठ्यानं. तिनं नीट कान दिला. नंदाचा आवाज त्यातून वेगळा काढता येईना. दुसराही कुठला ओळखीचा आवाज त्यात नव्हता. ती दोन्ही आवाज शोधत राहिली. बनुबाईनं पलीकडून गाडी आली म्हणून हाक मारली, तेव्हा तिनं हातानंच खूण केली की ही जाऊ दे, पुढच्या गाडीनं जाऊ. आतलं वाचन संपून पुस्तकं मिटल्याचा आवाज येईपर्यंत ती तिथंच उभी होती.